लघवीचं आधी बोला, ताकदीच्या सुईचं मग बघू

आमच्या भागात माणूस शुगर किती निघाली ते एसटीत बाजूच्या सीटवरच्या अनोळखी माणसाला सांगते, बीपीची गोळी कोणती चालू आहे ते पानठेल्यावर सांगते, मूळव्याधीचंही सांगून टाकते, पण लघवीची धार बारीक झाली, रात्री चारदा उठावं लागते, कधी कधी कपडे ओले होतात, हे तो घरच्या बाईलाही सांगत नाही. मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मेडिकल चालवतो. काउंटरवर बायामाणसं उभी असली की असा माणूस बाजूला होतो, पेपर चाळत राहतो, सगळे गेले की पुढे सरकतो आणि हळूच म्हणतो, "भाऊ, ताकदीचं काही हाय का?" लघवीचं नावच नाही. थोडं खोदून विचारलं की मग निघते, "रातच्याला तीन-चारदा उठा लागते, झोप होत नाही, दिवसा आंगात काही रायत नाही, कायात मन लागत नाही."

आणि आता गेल्या काही वर्षांत ह्या "ताकदी"ला एक इंग्रजी नाव मिळालं आहे, टेस्टोस्टेरॉन. मोबाईलवर व्हिडिओ येतात, चाळिशीनंतर थकवा येतो का, पोट सुटलं का, रात्री उठता का, मग तुमचं टेस्टोस्टेरॉन कमी आहे. जिममधले पोट्टे त्याला टेस्टो म्हणतात, त्यांच्याकडून ते त्यांच्या काकाकडे जाते, काकाकडून गावात. कोणी चिठ्ठी घेऊन येते, कोणी चिठ्ठीशिवाय येते आणि इंजेक्शनचं रिकामं खोकं दाखवून म्हणते हे द्या.

माझं म्हणणं असं आहे की आपल्या खेड्यात पुरुषाच्या लघवीच्या त्रासावर कोणी बोलत नाही, विचारत नाही, तपासत नाही, आणि ह्याच गप्प बसण्यावर ताकदीची सुई विकली जाते. टेस्टोस्टेरॉन हे वाईट औषध नाही, ज्याला त्याची खरी गरज आहे त्याला ते मिळालंच पाहिजे. पण ज्या माणसाची लघवी कधी कोणी तपासली नाही त्याला ते टोचणं चूक आहे, आणि ही चूक थांबवायची तर नुसती इंजेक्शनवर बंदी घाला म्हणून काही होणार नाही, सरकारी दवाखान्यात पुरुषांच्या लघवीची विचारपूस सुरू करावी लागेल.

आधी हे टेस्टोस्टेरॉन काय आहे ते बघू. ज्यांच्या घरी ढोरं आहेत त्यांना वेगळं शिकवायची गरज नाही, गोऱ्हा खच्ची केला की त्याचा मस्तवालपणा जातो, मान-वशिंड सांडासारखं भरत नाही, तो जोताला शांत चालतो, ते जे त्याच्यातून गेलं ते हेच. माणसातही ते अंडकोशात बनते, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या हुकमावर बनते, दाढीमिशी, आवाज, स्नायू, हाडं, इच्छा, रक्त तयार होणं ह्या सगळ्यात त्याचा हात असते. तिशी-चाळिशीनंतर ते दरवर्षी साधारण एक टक्क्याच्या आसपास उतरत जाते, म्हणजे म्हातारपणी थोडं कमी होणं हा रोग नाही. प्रयोगशाळेत ते 1935 मध्ये तयार करता आलं आणि त्या कामासाठी 1939 चं नोबेल मिळालं, तेव्हापासून त्याच्या नावाने तारुण्य विकणं सुरूच आहे.

आता प्रोस्टेट. मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीभोवती बसलेली ही ग्रंथी तरुणपणी साधारण 20 ग्रॅमची असते. वय वाढते तशी ती वाढते, साठीच्या सुमारास निम्म्या पुरुषांत वाढलेली सापडते. वाढली की आतली नळी दाबते, मग मूत्राशयाला जोर लावून लघवी बाहेर ढकलावी लागते, जोर लावून लावून त्याची भिंत जाड होते, तरी लघवी पूर्ण उतरत नाही, आत शिल्लक राहते, त्या साचलेल्यात इन्फेक्शन होते, खडा होते, आणि दाब उलटा वर किडनीकडे गेला की किडन्या फुगतात, रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, वाढते. माणसाला मात्र एवढंच दिसते की रात्री उठावं लागते आणि सकाळी थकल्यासारखं वाटते. ही ग्रंथी टेस्टोस्टेरॉनवरच पोसते, म्हणजे टेस्टोस्टेरॉनपासून तिच्या आतच बनणाऱ्या डीएचटी नावाच्या जास्त जोरदार रूपावर. फिनास्टेराइडची गोळी नेमकं हे रूपांतर अडवते म्हणून तिने ग्रंथी हळूहळू लहान होते.

इथूनच डॉक्टर लोकांची जुनी भीती आली. 1941 मध्ये अमेरिकेत चार्ल्स हगिन्स यांनी दाखवलं की पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या रोग्याचे अंडकोश काढले की कॅन्सर आवरते, त्यांना 1966 मध्ये नोबेल मिळालं. त्यावरून कित्येक वर्षं असंच धरून चालले की बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं म्हणजे आगीत तेल ओतलं. हे तेवढं सरळ नाही हे आता समजलं आहे. कमी टेस्टोस्टेरॉनवरच प्रोस्टेटची गरज भागून जाते, त्याच्या वर आणखी दिलं म्हणून ती त्याच प्रमाणात वाढत नाही. 2023 मध्ये ट्रॅव्हर्स नावाचा मोठा अभ्यास आला, पाच हजारांवर पुरुष, वय 45 ते 80, हृदयरोग असलेले किंवा त्याचा धोका असलेले, अर्ध्यांना टेस्टोस्टेरॉनचं जेल, अर्ध्यांना नुसतं जेल. हार्ट अटॅक, लकवा ह्यांत वाढ दिसली नाही, प्रोस्टेटच्या जहाल कॅन्सरमध्येही ठळक फरक निघाला नाही. हृदयाचे ठोके अनियमित होणं, फुफ्फुसात रक्ताची गाठ जाणं, किडनीला अचानक इजा होणं हे मात्र टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत जास्त दिसलं. पाठपुरावाही सरासरी तीन वर्षांच्या आतला होता, कॅन्सरसाठी तो काही फार नाही.

पण हा अभ्यास कोणावर झाला हे विकणारे सांगत नाहीत, आणि माझा राग इथे आहे. त्यात घ्यायच्या आधी प्रत्येकाचं टेस्टोस्टेरॉन उपाशीपोटी, सकाळी, वेगवेगळ्या दिवशी तपासून खरंच डेसिलिटरला 300 नॅनोग्रॅमच्या खाली आहे हे पक्कं केलं. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन, बघितलं, जास्त असेल त्याला घेतलं नाही. लघवीचा त्रास किती आहे हे मोजलं, ज्याला जोरात त्रास होता त्यालाही बाहेर ठेवलं. म्हणजे "टेस्टोस्टेरॉनने प्रोस्टेटला काही होत नाही" हा दिलासा त्या गाळून घेतलेल्या माणसांसाठी आहे. आमच्या गावातला जो बुढा जोर लावून लघवी करते, अर्धी आत राहते, पीएसए हा शब्द ज्याने ऐकला नाही, तो त्या अभ्यासात कुठेच नव्हता. त्याच्याबद्दल त्या आकड्यांवरून काहीही म्हणता येत नाही. एंडोक्राइन सोसायटी ह्या हार्मोनच्या तज्ज्ञांच्या संघटनेच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात, लघवीचा जोरदार त्रास असेल, पीएसए 4 च्या वर असेल, रक्त आधीच घट्ट असेल, सहा महिन्यांत हार्ट अटॅक किंवा लकवा झाला असेल, नजीकच्या काळात मूल हवं असेल, तर सुरू करू नका.

आता आमच्याकडची तपासणी कशी होते बघा. माणूस गावाहून निघते, ढोरंवासरं, दूध आवरून, चहा-नाश्ता करून, एसटीने तालुक्याला पोचेपर्यंत अकरा-बारा वाजतात. मग डॉक्टर, मग लॅब, रक्त दिलं जाते दुपारी एक-दीडला. टेस्टोस्टेरॉन सकाळी सगळ्यात वर असते आणि दिवस चढेल तसं उतरते, जेवणानेही उतरते, रात्री झोप नसली, अंगात ताप असला, पोट सुटलेलं असलं तरी कमीच येते. तर ह्या माणसाचा रिपोर्ट कमी येणार नाही तर काय येणार? आणि त्याची झोप कशाने गेली होती? लघवीने. म्हणजे प्रोस्टेटने झोप मोडली, झोपेने टेस्टोस्टेरॉन उतरवलं, आणि उपाय म्हणून टेस्टोस्टेरॉन टोचलं, प्रोस्टेटला कोणी हातही लावला नाही. एका दुपारच्या रिपोर्टवर सुई ठरवणं हे माझ्या मते फसवणुकीतच धरलं पाहिजे.

लघवीच्या त्रासाने आयुष्य किती आखडते हे लोकांच्या लक्षात येत नाही म्हणून थोडं सांगतो. पंच्याहत्तरीच्या वरच्यांना एसटीचा प्रवास 2022 पासून फुकट झाला, चांगली योजना आहे, पण कित्येक म्हातारे लेकीकडे जात नाहीत कारण गाडी मध्ये थांबत नाही आणि कंडक्टरला गाडी थांबवा म्हणायची लाज वाटते. लग्नात पंगतीत बसत नाहीत. संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत, रात्री उठावं लागते म्हणून, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जाते, अशा उन्हात दिवसभर वावरात आणि पाणी बंद, मग उन्हाळी लागते, आग होते, मुतखडा होते. अकोला-बुलडाण्याकडच्या खारपाणपट्ट्यात तर प्यायला पाणीच खारट, तिथल्यांनी काय करावं. पावसाळ्यात रात्री अंधारात घराबाहेर जायचं, चिखल, विंचू-काटा, साप, पाय घसरून खुबा मोडलेली माणसं मला माहीत आहेत. लोक म्हणतात वयाने पडले. वयाने नाही पडले, चौथ्यांदा लघवीला उठले होते म्हणून पडले.

आणि एक दिवस लघवी पूर्ण बंद होते. पोटाखाली टणक फुगा येते, माणूस तडफडते, ती वेळ बहुतेक रात्रीचीच. ग्रामीण रुग्णालयात नळी टाकतात, लिटर-दीड लिटर निघते, जीव भांड्यात पडते, आणि मग सांगतात ऑपरेशनसाठी मोठ्या दवाखान्यात जा. सोयाबीन निघू द्या, पऱ्हाटीचे पैसे येऊ द्या, पोराला सुट्टी मिळू द्या असं करत ती नळी महिनोन्‌महिने राहते. माझ्या दुकानासमोर मोटरसायकलवर मागे बसून येणारे एक बाबा आहेत, मांडीवर बाजाराची कापडी थैली, थैलीत लघवीची पिशवी, वरून दुपट्टा झाकलेला. उतरताना आधी थैली सांभाळतात, मग पाय खाली टेकवतात. नवी पिशवी घेतात, पैसे देतात, कोणाशी बोलत नाहीत. ह्या माणसाला दोन-तीन वर्षं आधी कोणी विचारलं असतं की बाबा धार कशी आहे, तर टॅमसुलोसिनच्या साध्या गोळीवर कदाचित बराच काळ निभावलं असतं.

औषधांचंही थोडं बोलतो, तो माझा रोजचा धंदा आहे. टॅमसुलोसिन काही दिवसांत धार मोकळी करते, पण उभं राहताना चक्कर येऊ शकते म्हणून रात्री घ्यायला सांगतात. फिनास्टेराइडला गुण यायला सहा महिनेही लागतात, आणि लोक पंधरा दिवसांत म्हणतात काही फरक नाही, बंद करतात. ती गोळी चालू असताना पीएसए जवळपास निम्मं दिसते, म्हणून डॉक्टरला गोळी चालू आहे हे सांगावंच लागते, नाहीतर वाढलेला आकडाही नॉर्मल वाटते. नळी टाकल्यावर किंवा इन्फेक्शनमध्ये पीएसए उगाच वाढलेलं येते, त्यामुळे त्या घाईत केलेल्या टेस्टवर घाबरून जाऊ नये. आणि सर्दीची गोळी! हिवाळ्यात सर्दी झाली की सुट्टी गोळी मागतात, त्यात नाक मोकळं करणारं आणि झोप आणणारं असं जे असते त्याने प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी तुंबू शकते. मी पन्नाशीच्या वरच्या माणसाला सर्दीची गोळी द्यायच्या आधी विचारतो, बाबा लघवी साफ होते का. सुरुवातीला लोक चमकतात, पण उत्तर देतात. विचारलं की सांगतात हो. एवढी साधी गोष्ट आहे.

ताकदीच्या नावाने जे बाकीचं विकलं जाते, जडीबुटीच्या पुड्या, काळ्या गोळ्या, त्यात चोरून सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, मिसळलेलं असल्याचं जगभर वारंवार पकडलं गेलं आहे. ज्याला छातीच्या दुखण्यासाठी जिभेखालची गोळी चालू आहे त्याने नकळत असं काही घेतलं तर बीपी एकदम कोसळून जीव जाऊ शकते. 1954 पासून आपल्याकडे आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा औषधं आणि जादूई उपायांचा कायदा आहे, नपुंसकता, प्रोस्टेट, मुतखडा, मधुमेह ह्यांवर इलाजाची जाहिरात करायलाच त्यात मनाई आहे, पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. आणि आमच्या बसस्टँडच्या भिंतीपासून रेल्वे फाटकापर्यंत मर्दानी ताकदीच्या जाहिराती रंगवलेल्या आहेत, फोन नंबरसकट. अन्न व औषध प्रशासनाला वेगळा शोध घ्यायचीही गरज नाही, नंबर भिंतीवरच आहे.

तरुण पोरांचं वेगळंच. त्यांना प्रोस्टेटचा त्रास नाही, त्यांना दंड पाहिजेत. जिममध्ये कोणीतरी टेस्टो टोचते, शरीर भरते, फोटो येतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की पिट्युटरी म्हणते आता गरज नाही, अंडकोशाला जाणारा हुकूम थांबवते, आणि शुक्राणू बनणं बंद पडते. हे इतकं पक्कं आहे की जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणूनच दर आठवड्याला 200 मिलिग्रॅमच्या इंजेक्शनचा प्रयोग केला होता, त्याचे निकाल 1990 मध्ये छापून आले, निम्म्याहून जास्त पुरुषांचे शुक्राणू काही महिन्यांत शून्यावर गेले. इंजेक्शन बंद केलं की बहुतेकांचे परत येतात, पण महिने लागतात, कधी वर्षही जाते. आता हे आमच्या घरात कसं दिसते? लग्नाला दोन वर्षं झाली, मूल नाही, सुनेला अमरावतीला नेतात, नागपूरला नेतात, तिची सोनोग्राफी, तिच्या नळ्यांची तपासणी, तिला उपास, तिला टोमणे. नवरा सुई घेतो हे तिला माहीतच नसते, सासूला तर नाहीच. ह्या एका कारणासाठी तरी लग्नाच्या वयाच्या पोराला चिठ्ठीशिवाय टेस्टोस्टेरॉन देणाऱ्या दुकानावर कारवाई झाली पाहिजे, आणि मी दुकानदार असून हे म्हणतो.

विदर्भाची म्हणून एक खास गोष्ट आहे, ती पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांच्या व्हिडिओत कधी येणार नाही. आपल्याकडे सिकलसेल आहे, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात तो पिढीजात रक्ताचा आजार, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ, सगळीकडे. सिकलसेलमध्ये किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून पोरवयातही जास्त लघवी होते, रात्री उठावं लागते, कधी लघवीतून रक्त जाते, नुसता वाहक असलेल्यालाही हे होऊ शकते. म्हणजे पंचविशीतला पोरगा रात्री तीनदा उठते, त्याला कोणी "कमजोरी" म्हणून ताकदीची सुई दिली तर काय होईल? टेस्टोस्टेरॉनने तांबड्या पेशी वाढतात, रक्त घट्ट होते, म्हणूनच औषध चालू असताना हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, 54 टक्क्यांवर गेलं तर थांबवायचं असा नियम आहे. त्यात आमचा उन्हाळा, अंगातलं पाणी आटलेलं. सिकलसेलच्या रोग्यात लिंग ताठ राहून तासन्‌तास दुखत राहण्याचा प्रकार आधीच होते, त्यात हे हार्मोन म्हणजे तज्ज्ञाशिवाय हातच लावायचा नाही असं प्रकरण आहे. 1 जुलै 2023 ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, कार्डं वाटली जात आहेत. ते कार्ड बघितल्याशिवाय कोणाही डॉक्टरने आमच्या भागात टेस्टोस्टेरॉन लिहू नये.

आणि हो, लाल लघवी, न दुखता झालेली, एकदाच झाली तरी, बिडी ओढणाऱ्या माणसाने तर त्याच आठवड्यात दाखवायची. मूत्राशयाच्या कॅन्सरची ती पहिली खूण असू शकते. उष्णता झाली म्हणून धने-जिऱ्याचं पाणी पीत बसू नका.

आता दुसरी बाजू. माझं हे सगळं ऐकून कोणी म्हणेल की म्हाताऱ्याला कशाला पाहिजे ताकद, देवदेव करावं. हे मला बिलकुल मान्य नाही. साठीच्या माणसाला बायकोजवळ जावंसं वाटणं ह्यात हसण्यासारखं काही नाही, त्याची टिंगल करतात म्हणून तर तो चोरून गोळ्या घेते. आणि खरोखर टेस्टोस्टेरॉन नसलेली माणसं आहेत. गालगुंड होऊन अंडकोश खराब झालेले, अपघातात किंवा कॅन्सरने ते गमावलेले, पिट्युटरीत गाठ असलेले, क्लाइनफेल्टर सारख्या जन्मजात दोषाचे, ज्यात एक एक्स गुणसूत्र जास्त असते. पोराला विशीतही दाढी येत नाही, आवाज फुटत नाही, अन् गाव त्याला काय काय म्हणते. त्या पोराला टेस्टोस्टेरॉन हे औषध आहे, मधुमेह्याला इन्सुलिन असते तसंच, आणि ते त्याला आयुष्यभर, नियमित, तपासणीसह मिळालं पाहिजे. आमच्या भागात अशा पोरांचं निदानच होत नाही. म्हणजे ज्याला पाहिजे त्याला मिळत नाही आणि ज्याला नको त्याला टोचतात, दोन्ही एकाच कारणाने, विचारायला आणि तपासायला कोणी नाही.

ज्याला ते सुरू झालं आहे त्याने एवढं बघायचं. तीन ते सहा महिन्यांत हिमॅटोक्रिट, पीएसए, लघवीची तक्रार पुन्हा तपासून घ्यायची, मग दरवर्षी. जेल लावत असाल तर लावल्यावर हात साबणाने धुवायचे, लावलेली जागा कपड्याने झाकायची. आपल्याकडे नातवंडं आजोबाच्या कुशीत झोपतात, उघड्या अंगावरचं जेल लेकराच्या कातडीला लागलं तर त्या लेकरात अवेळी मोठेपणाच्या खुणा दिसायला लागतात, असे प्रकार झाले म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2009 मध्ये पाकिटावर ठळक इशारा छापायला लावला.

मग करायचं काय. पुरुष बोलत नाहीत असं म्हणून सोडून देतात सगळे. पण हीच गोष्ट बायांबद्दलही म्हणत होते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत साडेसहाशे बायांची तपासणी केली, 92 टक्के बायांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, 1989 मध्ये ते लॅन्सेट ह्या वैद्यकीय मासिकात छापून आलं आणि जगाला कळलं की खेड्यातली बाई सांगत नाही याचा अर्थ तिला काही होत नाही असा नाही. हे आपल्याच विदर्भात झालं. हत्तीपायाच्या रोगातही बघा, अंडवृद्धी ही काय कमी लपवायची गोष्ट होती का? पण घरोघरी जाऊन गोळ्या खाऊ घातल्या, अंडवृद्धीची ऑपरेशनं सरकारी दवाखान्यात सुरू केली, लोक आले. लघवीसाठी का येणार नाहीत?

तीस वर्षांवरच्या लोकांची बीपी-शुगरची तपासणी गावात होतेच, तोंडाचा कॅन्सर बघतात. त्याच वेळी पन्नाशीवरच्या पुरुषाला चार प्रश्न विचारा, रात्री किती वेळा उठता, धार बारीक झाली का, जोर लावावा लागतो का, झाल्यावर राहिल्यासारखं वाटते का. जगभर वापरतात ती सात प्रश्नांची, 35 गुणांची यादी आहे, ती सोप्या वऱ्हाडीत करून घ्या, शिकलेला नसला तरी सांगेल. पण हे आशाताईवर टाकू नका. गावातल्या पन्नाशीच्या माणसाने सुनेच्या वयाच्या बाईला हे सांगावं अशी अपेक्षा करणं दोघांवरही अन्याय आहे, आणि आशाताईंच्या डोक्यावर कामं काही कमी नाहीत. उपकेंद्राचा आरोग्य सेवक पुरुष असते, त्याला हे काम द्या, आणि जिथे ती जागा रिकामी आहे तिथे ती भरा. बोट घालून प्रोस्टेट तपासतात त्याला लोक फार घाबरतात, ते अर्ध्या मिनिटाचं काम आहे हेही त्यानेच समजावून सांगावं.

म्हणतील की खेड्यात मूत्ररोगतज्ज्ञ कुठून आणायचा. खरं आहे, तालुक्याला सोडा, कित्येक जिल्ह्यांतही वानवा आहे. पण नागपूरचं मेडिकल आणि सुपर स्पेशालिटी, सेवाग्राम, सावंगी, एम्स, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाची मेडिकल कॉलेजं असा एवढा पसारा विदर्भात आहे. महिन्यातून एक ठरलेला दिवस एक मूत्ररोगतज्ज्ञ किंवा निदान सर्जन ग्रामीण रुग्णालयात बसला, त्या दिवशी सोनोग्राफीत लघवी केल्यावर किती शिल्लक राहते ते बघितलं, पीएसए आणि क्रिएटिनिनचं रक्त घेतलं, आणि ज्याला खरंच टेस्टोस्टेरॉनची शंका आहे त्याला आदल्या दिवशी सांगून सकाळी आठला उपाशीपोटी बोलावलं, तर बरंच निभते. ऑपरेशनसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहेच, फक्त रेशनकार्ड-आधारची धावपळ नळी लावून करायची पाळी येऊ नये, नाव आधीच घ्यावं.

दिवस ठरवताना एक सांगतो, बाजाराचा दिवस धरा. आमच्याकडे पुरुष तालुक्याला बाजाराच्या दिवशीच येतात, दवाखान्यात चाललो असं घरी सांगावं लागत नाही. पाटीवर "गुप्तरोग" असलं काही लिहू नका, सरळ "लघवीची तपासणी, पुरुषांसाठी" लिहा आणि ती पाटी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, पीठगिरणीवर, कृषी केंद्रावर लावा. माझ्या मेडिकलवर मी लावायला तयार आहे, ज्या काउंटरवर लोक ताकदीचं मागतात त्याच काउंटरवर. पहिल्या महिन्यात पाच-सहा माणसं आली तरी डॉक्टरने पुढच्या महिन्यात यायला पाहिजे, कारण त्या पाच-सहांनी वावरात जाऊन सांगितल्याशिवाय बाकीचे येणार नाहीत.